कट मागायची लाज

कोल्हापुरात मिसळ खायला बसलं की कट मागावा लागतो. ताटलीतला रस्सा पहिल्या दोन पावांतच आटतो. मग मान वर करून "कट आण रे" अशी आरोळी ठोकायची, की पोरगं येऊन लालभडक कट ओतून जातं. आमच्या ठरलेल्या हॉटेलात त्याचे वेगळे पैसे पडत नव्हते, फक्त आवाज काढावा लागायचा. मी वयाच्या २२-२३ वर्षांपर्यंत उरलेला पाव कोरडाच खाल्ला.

आता हे हसून सांगतो. तेव्हा हसण्यासारखं नव्हतं. आमचं घर शिवाजी पेठेत. तिथे माणूस बोलत नाही, पुकारतो. गल्लीच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या माणसाशी घरगुती भांडणापासून भाजीच्या दरापर्यंत सगळं उघड्यावर चालतं. अशा ठिकाणी गप्प राहणारं पोरगं एकतर आजारी असतं नाहीतर शिष्ट. मला दोन्ही म्हणून झालं. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "तोंडात गुळणी धरलीस काय रं?" माझी बहीणही तशीच, पण तिचं कौतुक व्हायचं: "गुणाची पोर, घरात आहे का नाही कळत नाही." एकाच घरातला एकच स्वभाव, तिच्यात संस्कार आणि माझ्यात खोट.

गंमत अशी की शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की मीही घसा फुटेपर्यंत ओरडायचो. हजारो माणसांत माझ्या एकट्याच्या तोंडाकडे कुणी बघत नसायचं. म्हणजे आवाजाला काही झालेलं नव्हतं. समोरचा माझ्याकडे बघून उत्तराची वाट बघतोय, हे कळलं की जीभ टाळूला चिकटायची. लोक अंतर्मुख आणि लाजाळू एकाच पोत्यात भरतात. अंतर्मुख माणसाला एकटं बरं वाटतं. मला एकटं बरं वाटत नव्हतं. मला चौकातल्या कट्ट्यावर बसून सगळ्यांसारखं फेकायचं होतं. मनात जे तयार व्हायचं ते ओठांपर्यंत येईस्तोवर विषय तीन गावं पुढे गेलेला असायचा.

सगळ्यात वाईट फोन. उद्यमनगरात आबांचं लेथचं वर्कशॉप, तिथे एक लँडलाइन होती. आबा बाहेर गेले आणि ती वाजली की मी मशीनवर असल्याचं सोंग करायचो. कुणाला फोन करायची वेळ आलीच तर आधी चिठ्ठी लिहायचो: "हॅलो. मी अमक्यांचा मुलगा बोलतोय. साहेब आहेत का? कास्टिंग तयार आहे का विचारलंय." तिकडून साहेबांऐवजी बाईंचा आवाज आला की चिठ्ठी फुकट जायची आणि मी फोन ठेवून द्यायचो. त्या काळात उद्यमनगरात बरेच 'राँग नंबर' लागायचे, त्यातले निम्मे माझे होते.

डिप्लोमाला गेलो २००६ साली. दुसऱ्या वर्षी आबांनी एक साधा बटणांचा मोबाईल दिला, तोही मी फोन उचलत नाही या रागातून. "आता खिशातच वाजंल, बघू कुठं पळतोस." पण त्या डबड्यात मेसेज होता, आणि मेसेज ही काय चीज आहे हे आबांना ठाऊक नव्हतं.

एका मेसेजमध्ये इंग्रजी १६० अक्षरं मावायची, देवनागरी लिहिलं तर ७०. त्यामुळे सगळे मराठीच, पण रोमन लिपीत लिहायचे, तेही स्वर खाऊन. महिन्याचं मेसेजचं पॅक मारायचं. दिवाळीला आणि नव्या वर्षाला ते पॅक चालायचं नाही, म्हणून शुभेच्छा आदल्या रात्रीच उरकायच्या. मला त्या १६० अक्षरांचा फार आधार वाटला. लांबड लावायला जागाच नाही, म्हणून कमी बोलणं हा दोष ठरत नव्हता. आणि मुख्य म्हणजे वेळ मिळायचा. समोरच्याने काही लिहिलं की मी फोन खिशात घालून पापाची तिकटी ते रंकाळा चालत जायचो. तिथे पोचेपर्यंत उत्तर तयार. समोरच्याला वाटायचं, जेवत असेल.

वर्गातला एक मुलगा होता, गावगप्पांचा राजा. एका लेक्चरला मास्तर फळ्यावर गिअरचे दाते काढत होते आणि ते काही केल्या सारखे येईनात. मी मागच्या बाकावरून त्याला मेसेज केला की सरांचा गिअर दातांच्या डॉक्टरकडे न्यायला पाहिजे. तो भर वर्गात फुटला, बाहेर हाकलला गेला. तास संपल्यावर माझ्यापुढे फोन धरून म्हणाला, "हे तू लिहिलंस?"

मी मान हलवली. तोंडातून तेव्हाही काही निघालं नाही.

त्यानंतर सहा महिने आम्ही मेसेजवर जिवलग होतो. रात्री बारापर्यंत टोलवाटोलवी. सकाळी कॉलेजात समोरासमोर आलो की "काय?" "काय नाही." एवढंच. तो वैतागायचा. "रात्रीचा भावा कुठं जातो रं सकाळी?" मलाही तोच प्रश्न पडायचा. मेसेजमधला मी माझ्यापेक्षा बरा होता, आणि त्याच्याशी बरोबरी करायची म्हणजे मला नवंच ओझं. कधी कधी मुद्दाम कॉलेज बुडवायचो, रात्रीच्या गमतीला सकाळी जागावं लागू नये म्हणून.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं की जोसेफ वॉल्थर नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९९६ मध्येच हे मांडून ठेवलंय. लिहून बोलताना माणूस निवडून, खोडून, पुसून आपली उजळ बाजू पाठवतो. वाचणाऱ्यापुढे चेहरा नसतो, घाम नसतो, अडखळणं नसतं, म्हणून तो मधल्या मोकळ्या जागा चांगल्याच रंगाने भरतो. त्यामुळे पडद्यावरची ओळख कधी कधी प्रत्यक्षातल्या ओळखीपेक्षाही दाट होते. आणखी एक आकडा तेव्हाच सापडला. फिलिप झिंबार्डो यांनी १९७०च्या दशकात स्टॅनफर्डला लाजाळूपणाची पाहणी केली, त्यात सुमारे ४० टक्के लोकांनी स्वतःला लाजाळू म्हटलं होतं. दहांत चार! मग आमच्या पेठेतले बाकीचे कुठे लपलेत? का तेही स्टेडियमवरच भेटतात?

डिप्लोमा संपल्यावर वर्कशॉपवर आलो. आबांचा व्यवहार तोंडी. गिऱ्हाईक आलं की चहा, मग राजकारण, मग त्याच्या पोरीचं लग्न, आणि उठता उठता रेट. मला ते जन्मात जमलं नसतं. २०१२च्या सुमाराला माझ्या नोकियावर व्हॉट्सअॅप आलं, आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका खरेदीवाल्या साहेबाने ड्रॉइंगचा फोटो पाठवून खाली लिहिलं, "रेट कळवा." मी हिशेब केला, लिहिला, पाठवला. पाच मिनिटांत "ओके" आलं. ना चहा, ना राजकारण. त्या दिवशी मला वाटलं की हा धंदा मी करू शकतो.

आबांना ते पटलं नाही. "माणसाचं तोंड बघितल्याबिगर काम घेतोस? उद्या पैसे बुडवलं तर त्या फोटोला जाब इचारणार हाईस?" पण वर्षभराने एका गिऱ्हाइकाने बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, चुकीचा केलाय म्हणून पन्नास नगांची खेप परत पाठवली. तो म्हणत होता ३२ सांगितला, आम्ही केला होता ३५. आबांचा आवाज चढला, तिकडचाही चढला. मी कोपऱ्यात उभा राहून चॅटमध्ये मागे मागे गेलो आणि त्याचाच मेसेज त्यालाच पुढे पाठवला: "बोअर ३५ करा, ३२ नको." पलीकडे शांतता. आबांनी फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि फक्त "हं" म्हणाले. आबांच्या तोंडून निघालेला तेवढा छोटा शब्द मी आयुष्यात एकदाच ऐकलाय.

२०१५ साली स्थळं बघायला सुरुवात झाली. बघण्याचा कार्यक्रम ही लाजाळू माणसाला मुद्दाम शिक्षा म्हणून काढलेली पद्धत असावी. शिरोळ तालुक्यातलं गाव. पोहे झाले, पानसुपारी झाली, मग कुणीतरी मोठ्या मनाने म्हणालं, "दोघांना जरा बोलू द्या." आम्हाला गच्चीवर धाडलं. वाळत घातलेल्या मिरच्यांपाशी आम्ही दहा मिनिटं उभे होतो. मी विचारलं, "मिरच्या घरच्या का?" ती "हो" म्हणाली. संपलं. खाली आल्यावर मामी हसून म्हणाल्या, "झालं का मनमोकळं?"

नंतर तिच्या भावाकडून नंबर मिळाला. पहिला मेसेज लिहायला मला चार दिवस लागले. मोबाईलच्या नोंदवहीत एकूण ११ मसुदे केले. एकात मी माझ्या पगारापासून स्वप्नांपर्यंत सगळं लिहिलं होतं, तो अर्जासारखा वाटला. शेवटी गेला तो असा: "नमस्कार. मिरच्या पावसात भिजल्या नाहीत ना?" कारण आम्ही निघालो तेव्हा आभाळ आलं होतं.

व्हॉट्सअॅपने आदल्याच वर्षी निळ्या खुणा सुरू केल्या होत्या. वाचलं की दोन्ही खुणा निळ्या. भित्र्या माणसाच्या मुळावर आलेली सोय. तिने वाचलंय हे मला दिसतंय, मला दिसतंय हे तिला ठाऊक आहे. मग नावाखाली "टायपिंग" आलं. थांबलं. परत आलं. परत थांबलं. मी फोन पालथा घालून लेथवर एक जॉब लावला, उतरवला, येऊन बघितलं तर अजून "टायपिंग". पंचवीस मिनिटांनी उत्तर आलं:

"नाही."

मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. पंचवीस मिनिटं लिहून-खोडून ज्याचं "नाही" एवढंच उरतं, त्या माणसाला मी आतून ओळखत होतो. नंतर तिने सांगितलं की त्या पंचवीस मिनिटांत तिने मिरच्या कशा भिजल्या नाहीत, आजीने ओरडत कशा उचलल्या, याची पूर्ण हकीकत तीनदा लिहिली होती. ती हकीकत मला दोन महिन्यांनी मिळाली, हप्त्याहप्त्याने.

साखरपुड्यापर्यंत आम्ही एकमेकांना शेकडो मेसेज लिहिले असतील. तिला विनोद जमतो, हे तिच्या घरच्यांना आजही खरं वाटत नाही. फोन मात्र कुणीच करेना. मग तिनेच ठरवून टाकलं: फोन करायच्या आधी मेसेज करून विचारायचं, आणि विषय कुठला तेही आधी सांगायचं. "उद्या ९ वाजता. विषय: साडीचा रंग. ५ मिनिटं." अशी सूचना यायची, सरकारी बैठकीसारखी. पहिल्या फोनला चार मिनिटं श्वासच ऐकले. तिसऱ्याला विषय सोडून बोललो. दहाव्याला सूचना पाठवायची राहून गेली आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

लग्नाआधी एकदा ती मावशीकडे कोल्हापूरला आली होती. संध्याकाळी रंकाळ्यावर भेटलो. कठड्यावर दोघांत एक माणूस बसेल एवढं अंतर. भेळवाला तिकडून ओरडला, "तिखट का मध्यम?" मी काय म्हणणार, ज्याने वर्षानुवर्षं कट मागितला नाही? गप्प. तो परत ओरडला. तेवढ्यात माझ्या खिशात फोन थरथरला. शेजारी बसलेल्या तिचा मेसेज: "तिखट नको म्हणून सांगा ना."

मी तिच्याकडे बघितलं. ती पाण्याकडे बघत होती, कान लाल. आजवर माझ्या वतीने कुणीतरी बोलायचं. आई, बहीण, मित्र, आबा. माझ्या भरवशावर गप्प बसणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "एक मध्यम, एक कमी तिखट!" जरा जास्तच मोठ्याने गेलं असावं, कारण शेजारचं म्हातारं जोडपं दचकलं. भेळ आली, दोन्ही तिखटच होत्या. आम्ही नाकातून पाणी काढत खाल्ल्या. परत जाऊन तक्रार करायची हिंमत मात्र दोघांतही नव्हती.

मग २०१९चा महापूर आला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली होती, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला. शहरात नळाला पाणी नाही, पेट्रोलला रांगा. कृष्णा-पंचगंगेच्या काठची शिरोळ तालुक्यातली गावं पाण्यात. बायको सहा महिन्यांची गरोदर, आमच्याकडेच होती. तिचे आईवडील, भाऊ आणि आजी गावातच अडकले होते.

पहिल्या दिवशी सासऱ्यांचे मेसेज येत होते. "पायरीला लागलं." "वर आलोय." मग वीज तोडली गेली. माझे मेसेज एका खुणेवर अडकले. एक खूण म्हणजे निरोप आपल्याकडून निघाला, तिकडे पोचला नाही. मी तरी लिहितच राहिलो. "पाणी किती आलं?" "आजी बऱ्या आहेत का?" "बोट आली का?" एकाखाली एक राखाडी खुणा. बायको दर दहा मिनिटांनी माझा फोन हातात घेऊन बघायची आणि काही न बोलता परत द्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की आता फोनच करावे लागणार. ओळखीच्या माणसाला नव्हे, दहा अनोळखी माणसांना. फॉरवर्ड होऊन आलेले मदतीचे नंबर होते, त्यातले निम्मे बंद, उरलेले सतत बिझी. मी जुनं शस्त्र काढलं. चिठ्ठी. मेसेज लिहावा तशी लिहिली, खोडून, आवळून: गाव, वस्ती, देवळाच्या मागचं दुमजली घर, वरच्या मजल्यावर माणसं ४, आजी ८२ वर्षांच्या, चालता येत नाही, उचलून न्यावं लागेल, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, खूण म्हणून गच्चीच्या कठड्याला लाल साडी बांधायला आधीच सांगितलंय. आणि नंबर फिरवत बसलो. हात कापत होता. सातव्या की आठव्या नंबरला कुणीतरी उचललं, मी श्वास न घेता चिठ्ठी वाचली.

तिकडचा माणूस क्षणभर थांबला. "हां, असं सांगा की राव," तो म्हणाला. "सकाळपासनं फोन घेतोय, लोकं नुसती रडायलीत, गाव कुठलं ते सुदिक कळंना. परत एकदा सांगा, लिवून घेतो."

त्या दिवशी मी ३०च्या वर फोन केले. दुसऱ्या कुटुंबांचेही, कारण गल्लीतल्या लोकांनी बघितलं की ह्याला नीट सांगता येतंय. ज्यांचा आवाज रस्त्याच्या त्या टोकाला जातो, ती माणसं माझ्या शेजारी बसून मला माहिती देत होती आणि बोलत मी होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बोट लाल साडीच्या घरापाशी गेली. छावणीत कुणाच्या तरी चार्जरवर सासऱ्यांचा फोन सुरू झाला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. माझ्या सगळ्या मेसेजना एकदम दोन खुणा आल्या, मग सगळ्या निळ्या झाल्या. खाली उत्तर: "सर्व ठीक. तुमचे १९ मेसेज आलेत. झोपा आता."

इथे गोष्ट थांबवली असती तर मला बरं वाटलं असतं. पण २०२२ साली मी जे केलं ते सांगायला हवं.

आमच्या वर्कशॉपवर एक जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मला लेथवर टूल लावायला त्यांनी शिकवलं. त्यांनी घराच्या स्लॅबसाठी उचल मागितली होती, मोठी. टाळेबंदीनंतर कामं अजून रुळावर नव्हती, द्यायला पैसे नव्हते. एवढंच सांगायचं होतं. मी तीन दिवस टाळलं आणि चौथ्या दिवशी केबिनमध्ये बसून छान मेसेज लिहिला. आदरपूर्वक, परिस्थिती, नाइलाज, समजून घ्याल ही अपेक्षा. चारदा वाचून पाठवला. मामा काचेपलीकडे, दहा फुटांवर मशीन चालवत होते. मी बघत होतो. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, फोन लांब धरून वाचला. मशीन बंद केलं. केबिनमध्ये येऊन फोन माझ्यापुढे धरला.

"ह्ये तुमी लिवलासा?"

मी मान हलवली.

"उचल दिऊ नगासा. न्हाई तर न्हाई. पर हितनं तिथवर यायचं हुतं की. मी काय इच्चू हाय चावाय?"

ते गेले आणि दोन दिवस आले नाहीत. पहिल्या रात्री मी माफीचा मेसेज लिहायला घेतला. अर्धा झाल्यावर मला स्वतःचंच हसू आलं, ते काही चांगलं हसू नव्हतं. फोनवरही बोलवेना. रविवारी त्यांच्या घरी गेलो. वाटेत तोंडपाठ केलेलं सगळं उंबऱ्यात विसरलं. मामी चहा घेऊन आल्या. मी कप धरून बसलो. टीव्हीवर कुस्ती लागली होती, एक डाव झाला, दुसरा झाला. मग मी म्हणालो, "चुकलं."

मामा कुस्तीकडेच बघत होते. "बरं," ते म्हणाले. "चहात मुंगी पडलीया, बघा."

सोमवारी कामावर आले. आता ते मला मुद्दाम आवाजाचे मेसेज पाठवतात, टायपिंग जमत नाही म्हणून. दहा फुटांवरून. "मालक, टूल संपलं." काचेतून मला हसताना दिसतात. मी उठून जातो.

त्यानंतर मी माझ्यापुरती एक रेघ ओढलीय. रेट, माप, तारीख, पत्ता हे लिहूनच; उलट कुणी तोंडी ठरवलं तर मी "आपलं असं ठरलं" म्हणून दोन ओळी पाठवून ठेवतो. "नाही" म्हणायचं असेल, कुणाचं माणूस गेलं असेल, पैसे थकले असतील, तर जायचं, निदान फोन. जाण्याआधी मेसेज करतो, "संध्याकाळी येतोय." एवढं लिहून टाकलं की मला पळवाट राहत नाही. आवाजाचा मेसेज पहिल्या वेळी जसा निघेल तसाच पाठवतो. पूर्वी एकेक १४ वेळा रेकॉर्ड करायचो आणि चौदावा रेडिओवरच्या निवेदकासारखा व्हायचा. निळ्या खुणा मध्ये दोन वर्षं बंद ठेवून बघितल्या. पण मग समोरच्याच्याही आपल्याला दिसत नाहीत, आणि ग्रुपमध्ये तर त्या बंद करता येतच नाहीत. परत चालू केल्या. २०२३ पासून पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आत सुधारता येतो, हे माझ्यासारख्याला व्यसनच. एकदा नातेवाइकांच्या ग्रुपवर "अभिनंदन"पुढचं उद्गारचिन्ह मी काढलं, घातलं, परत काढलं. आत्याने विचारलं, "अरे, अभिनंदन करतोयस का नाही?"

कट मी आता मागतो. मोठ्याने नाही. पोऱ्या जवळून जाताना ताटलीवर चमचा वाजवतो, तो समजतो.

बायकोचं अजून वेगळं आहे. गेल्या रविवारी आत्या आणि त्यांच्या सूनबाई आल्या होत्या, साडेचारला आल्या, साडेसहा झाले. बायको चहा ठेवायला म्हणून आत गेली ती गेलीच. माझा फोन वाजला. "गेल्या का?" मी टेबलाखाली धरून लिहिलं, "अजून एक चहा होणार." आतून "टायपिंग". थांबलं. परत "टायपिंग". आत्या कान टवकारून म्हणाल्या, "आत कुणाचा तरी फोन वाजतोय बघ सारखा." मी म्हणालो, "असू दे आत्या, कामाचे असतात." तेवढ्यात माझा परत वाजला. आमची पाच वर्षांची मुलगी माझ्या मांडीवरून पडद्याकडे बघत होती. तिला नुकतंच वाचता यायला लागलंय, आणि आवाज तिने आबांचा घेतलाय.

"आई इचारतीया," ती म्हणाली, "साखर संपलीया म्हणून सांगू का?"